ब्रेक्झिट माघार करार आणि ब्रिटनमधील जनमताचे दुभंगलेपण (२०१८-२०१९)

प्रस्तावना

दि. १५ जानेवारी २०१९ रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने पंतप्रधान थेरेसा मे यांच्या सरकारने युरोपीय महासंघाशी केलेला माघार करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळून लावला. आधुनिक ब्रिटिश संसदीय इतिहासात कोणत्याही सरकारचा सभागृहात एवढ्या मोठ्या फरकाने पराभव झालेला नव्हता. यापूर्वीचा उच्चांक १९२४ मधील होता. तेव्हा रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचे अल्पमतातील मजूर सरकार १६६ मतांनी हरले आणि पायउतार झाले. मे यांचा पराभव २३० मतांनी झाला. तरीही दुसऱ्याच दिवशी अविश्वासाचा ठराव ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी फेटाळला जाऊन त्यांचे सरकार टिकले. सरकारचे सर्वांत महत्त्वाचे धोरण सभागृहाला नको होते, आणि तरीही सरकार पाडण्यास सभागृह तयार नव्हते.

त्या रात्री संसदेबाहेरील चौकात दोन जमाव निकालाची वाट पाहत उभे होते. एका जमावाला युरोपीय महासंघातून कोणत्याही कराराविना बाहेर पडावयाचे होते, तर दुसऱ्याला महासंघातच राहावयाचे होते. निकाल जाहीर होताच दोन्ही जमावांनी सारख्याच जल्लोषात त्याचे स्वागत केले. ब्रेक्झिट वादाचे स्वरूप समजून घेण्यासाठी हा प्रसंग पुरेसा बोलका आहे. ४३२ ही संख्या एका मताची नव्हती. परस्परविरोधी मतांची ती बेरीज होती. प्रस्तुत लेखात या बेरजेची फोड करण्याचा आणि करारावरील मतभेद संसद, रस्ता व सीमाभाग या तिन्ही ठिकाणी कसे व्यक्त झाले हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

सार्वमताचा वारसा

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात सामील झाले आणि १९७५ च्या सार्वमतात ६७.२ टक्के मतदारांनी त्या सदस्यत्वावर शिक्कामोर्तब केले. दि. २३ जून २०१६ च्या सार्वमतात मात्र ५१.९ टक्के मते महासंघ सोडण्याच्या बाजूने पडली. १ कोटी ७४ लाखांहून अधिक लोकांनी बाहेर पडण्याच्या, तर १ कोटी ६१ लाखांहून अधिक लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. इंग्लंड आणि वेल्स यांनी बाहेर पडण्याचा पक्ष घेतला. स्कॉटलंडने ६२ टक्के व उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी राहण्याचा पक्ष घेतला.

या सार्वमतातील मूळ उणीव प्रश्नाच्या शब्दरचनेतच होती. मतदाराला 'राहावे की सोडावे' एवढेच विचारले गेले. सोडल्यानंतर कोणते नाते असावे हे विचारले गेले नाही. नॉर्वेप्रमाणे एकल बाजारपेठेत राहावे, केवळ सीमाशुल्क संघात राहावे, की सर्वच व्यवस्थांतून बाहेर पडावे, यांपैकी प्रत्येक पर्याय 'सोडणे' या शब्दात बसत होता. नेमक्या याच संदिग्धतेमुळे बाहेर पडण्याचा पक्ष बहुमत मिळवू शकला आणि पुढे त्याच संदिग्धतेपायी त्याला कोणत्याही एका करारामागे बहुमत उभे करता आले नाही. जानेवारी २०१७ मधील लँकेस्टर हाऊस येथील भाषणात मे यांनी एकल बाजारपेठ व सीमाशुल्क संघ या दोहोंतून बाहेर पडण्याचे धोरण जाहीर केले, आणि वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा, अशी भूमिका मांडली. हेच वाक्य दोन वर्षांनी त्यांच्याच पक्षातील बंडखोरांनी त्यांच्यावर उलटविले.

जून २०१७ ची मुदतपूर्व निवडणूक हा दुसरा निर्णायक टप्पा होय. बहुमत वाढविण्यासाठी घेतलेल्या या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३१७ जागाच मिळाल्या आणि सरकार उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या १० सदस्यांच्या पाठिंब्यावर अवलंबून राहिले. ज्या प्रदेशाच्या सीमेवर संपूर्ण वाटाघाट अडणार होती, त्याच प्रदेशातील एका पक्षाच्या हाती सरकारची दोरी गेली.

सीमेचा पेच

माघार कराराचा मसुदा १४ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाला. त्याची पृष्ठसंख्या ५८५ होती. आर्थिक देणी (सुमारे ३९ अब्ज पौंड), नागरिकांचे हक्क, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचा संक्रमणकाळ असे त्याचे प्रमुख भाग होते. यांपैकी देण्यांवरून वृत्तपत्रांत बराच गदारोळ झाला. पण करार त्यावर अडला नाही. तो अडला आयर्लंडविषयक तरतुदीवर, जी 'बॅकस्टॉप' या नावाने ओळखली गेली.

आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांच्यातील सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांबीची असून तिच्यावर २०० हून अधिक ठिकाणी रस्ते ओलांडून जातात. काही शेतांमधून ती जाते. उत्तरेत काढलेल्या दुधाचा मोठा हिस्सा प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातो. १९९३ मध्ये एकल बाजारपेठ अस्तित्वात आल्यावर या सीमेवरील जकात नाकी उठली आणि १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर लष्करी चौक्याही हटल्या. त्याआधीच्या तीन दशकांच्या हिंसाचारात ३,५०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यामुळे या सीमेवर पुन्हा एखादे नाके उभारणे ही केवळ व्यापारी बाब नव्हती. सीमा दिसत नाही, या एका गोष्टीवर तेथील शांततेचा बराचसा भार होता: स्वतःला आयरिश मानणाऱ्याला ती नसल्यासारखी वाटे आणि स्वतःला ब्रिटिश मानणाऱ्याला ती नकाशावर कायम असे.

ब्रिटिश सरकारने एकाच वेळी तीन वचने दिली होती. सीमाशुल्क संघ व एकल बाजारपेठ सोडावयाची. आयर्लंडच्या भूमीवर नाकी उभारावयाची नाहीत. आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्ये समुद्रातही सीमा येऊ द्यावयाची नाही. या तिन्ही वचनांपैकी कोणतीही दोन पाळता येत होती; तिन्ही एकत्र पाळणे शक्य नव्हते. महासंघाने फेब्रुवारी २०१८ मध्ये मांडलेल्या मसुद्यात उत्तर आयर्लंडपुरती वेगळी व्यवस्था सुचविलेली होती. कोणताही ब्रिटिश पंतप्रधान ती मान्य करणार नाही, असे मे यांनी ठामपणे सांगितले. त्यावर तोड म्हणून, अन्य उपाय सापडेपर्यंत संपूर्ण ब्रिटनच महासंघासोबत एका सीमाशुल्क क्षेत्रात राहील आणि उत्तर आयर्लंड त्याखेरीज एकल बाजारपेठेचे काही नियम पाळेल, अशी तरतूद नोव्हेंबरच्या करारात आली.

येथे एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. संपूर्ण ब्रिटनला लागू होणारी ही तरतूद ब्रिटनच्याच आग्रहाने आलेली होती. मालाचा प्रवेश विनाशुल्क, पण माणसांच्या मुक्त संचाराचे बंधन नाही, ही सवलत काही सदस्य देशांना अनाठायी वाटत होती. ब्रुसेल्समध्ये जी ब्रिटनला दिलेली सूट समजली गेली, तिलाच लंडनमध्ये सापळा म्हटले गेले. याचे कारण बाहेर पडण्याच्या अटीत होते. ही व्यवस्था संपविण्यासाठी दोन्ही बाजूंची संमती आवश्यक होती. ब्रिटनला एकतर्फी बाहेर पडता येणार नव्हते. युरोपीय महासंघ सोडण्याचा एकतर्फी हक्क कलम ५० ने दिलेला होता, पण या तात्पुरत्या व्यवस्थेतून सुटण्याचा हक्क करारात नव्हता. विरोधकांच्या दृष्टीने याहून प्रभावी मुद्दा असू शकत नव्हता. महान्यायवादी जॉफ्री कॉक्स यांचा कायदेशीर सल्ला संपूर्ण स्वरूपात देण्यास सरकारने टाळाटाळ केली, तेव्हा ४ डिसेंबर २०१८ रोजी सभागृहाने ३११ विरुद्ध २९३ मतांनी सरकारला संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरविले. दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या सल्ल्यात ही व्यवस्था अनिश्चित काळ चालू राहू शकते, असेच म्हटलेले होते.

आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांनी मात्र कालमर्यादा असलेली हमी ही हमीच नव्हे, अशी भूमिका अखेरपर्यंत सोडली नाही. वराडकर यांचे वडील मूळचे मुंबईचे आणि घराणे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातील वराड गावचे. त्यामुळे मराठी वृत्तपत्रांत या वादाची दखल घेताना त्यांचे नाव कौतुकाने येत असे. ब्रिटनमधील कराराच्या विरोधकांच्या लेखी मात्र तेच सर्वांत मोठा अडथळा होते.

दोन टोकांचा विरोध

कराराच्या विरोधकांची मांडणी पाहिली असता तीन स्वतंत्र प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह हुजूर पक्षातील कट्टर ब्रेक्झिटवाद्यांचा. जेकब रीस-मॉग यांच्या नेतृत्वाखालील युरोपियन रिसर्च ग्रुप हा त्यांचा गट. संक्रमणकाळात महासंघाचे नियम पाळावयाचे पण ते ठरविण्यात वाटा नाही, म्हणजे ब्रिटनने मांडलिकत्व पत्करणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाटाघाटींचे खाते ज्यांच्याकडे होते ते डेव्हिड डेव्हिस जुलै २०१८ मध्ये, आणि त्यांच्या जागी आलेले डोमिनिक राब मसुदा प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडले. ज्या मंत्र्याने करार घडवावयाचा त्यानेच तो स्वीकारण्यास नकार देण्याचा हा प्रकार एकाच वर्षात दोनदा घडला.

दुसरा प्रवाह महासंघात राहू इच्छिणाऱ्यांचा. परराष्ट्रमंत्रिपदावरून गेलेल्या बोरिस जॉन्सन यांचे बंधू जो जॉन्सन यांनी ९ नोव्हेंबरला वाहतूक राज्यमंत्रिपद सोडले ते दुसऱ्या सार्वमताची मागणी करीत. एकाच घरातील दोघे भाऊ एकाच धोरणाच्या विरोधात, पण विरुद्ध कारणांसाठी मंत्रिमंडळाबाहेर पडले. मांडलिकत्वाचा शब्द मात्र दोन्ही बाजूंनी वापरला: नियम ठरविण्याचा वाटाच गमवावयाचा असेल तर सध्याचे सदस्यत्व काय वाईट, असे राहू इच्छिणारे विचारीत.

तिसरा प्रवाह मजूर पक्षाचा, आणि तो सर्वांत अवघड जागी उभा होता. पक्षाचे बहुसंख्य खासदार राहण्याच्या बाजूचे; पण उत्तर इंग्लंड व मिडलंड्समधील त्यांच्या अनेक मतदारसंघांनी बाहेर पडण्याचा कौल दिलेला. जेरेमी कॉर्बिन यांनी कायमस्वरूपी सीमाशुल्क संघाची मागणी पुढे केली, तर सप्टेंबर २०१८ च्या लिव्हरपूल अधिवेशनाने दुसऱ्या सार्वमताचे दार किलकिले ठेवले. इकडे आड तिकडे विहीर, अशा स्थितीतील ही भूमिका कोणालाच पुरते समाधान देऊ शकली नाही.

प्रादेशिक विरोधाचे चित्रही याच काळात स्पष्ट झाले. ५ डिसेंबर २०१८ रोजी स्कॉटलंडच्या संसदेने ९२ विरुद्ध २९ मतांनी करार नाकारला. उत्तर आयर्लंडची गोष्ट अधिक गुंतागुंतीची होती. तेथील उद्योजकांच्या संघटना आणि अल्स्टर फार्मर्स युनियन ही शेतकरी संघटना कराराच्या बाजूने होत्या, कारण त्यांचा माल दोन्ही बाजूंना विनाअडथळा जाणार होता. तरीही कॉमन्समध्ये तेथून कराराच्या बाजूने पडलेले मत एकच, अपक्ष सदस्य लेडी सिल्व्हिया हर्मन यांचे. शिन फेनचे सात सदस्य परंपरेनुसार सभागृहात आसन ग्रहण करीत नाहीत. उरलेले १० युनियनिस्ट कराराच्या ठाम विरोधात होते. बहुसंख्य मतदारांनी राहण्याचा कौल दिलेल्या प्रदेशाचा संसदेतील आवाज बाहेर पडणाऱ्यांचाच राहिला, हे या काळातील प्रतिनिधित्वाच्या विपर्यासाचे ठळक उदाहरण म्हणता येईल.

रस्त्यावरील वाद

संसदेत कोंडी झाली तसतसा वाद रस्त्यावर आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि पुन्हा २३ मार्च २०१९ रोजी दुसऱ्या सार्वमताच्या मागणीसाठी लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले. मार्चमधील मोर्चात दहा लाख लोक होते असा आयोजकांचा दावा होता. स्वतंत्र अंदाज त्याहून बरेच कमी होते. बाहेर पडण्याच्या समर्थकांनी १६ मार्चला सुंदरलँडहून पदयात्रा काढली व २९ मार्चला, म्हणजे मूळ वेळापत्रकानुसार ब्रिटन ज्या दिवशी बाहेर पडावयाचे होते त्या दिवशी, ती लंडनला पोहोचली. २० मार्चच्या रात्री मे यांनी दूरचित्रवाणीवरून जनतेला उद्देशून भाषण करून विलंबाचे खापर खासदारांवर फोडले. लागलीच कलम ५० ची सूचना मागे घेण्याची मागणी करणाऱ्या संसदीय याचिकेवर स्वाक्षऱ्यांचा ओघ सुरू झाला व ती संख्या ६० लाखांच्या पुढे गेली.

खासदारांना धमक्या येऊ लागल्या होत्या. २०१६ च्या सार्वमतापूर्वी एकच आठवडा आधी मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांचा खून झालेला असल्याने या धमक्यांकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य नव्हते. अशा वातावरणात पंतप्रधानांनी जनता विरुद्ध संसद अशी मांडणी करावी, हे त्यांच्या टीकाकारांना बेजबाबदारपणाचे वाटले आणि ती टीका रास्त होती. ज्या खासदारांची मते त्यांना हवी होती त्यांनाच त्यांनी दुखावले.

वृत्तपत्रसृष्टीतही उलथापालथ झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायाधीशांना जनतेचे शत्रू ठरविणाऱ्या 'डेली मेल'ने संपादक बदलल्यानंतर मे यांच्या कराराचा पुरस्कार केला आणि हुजूर पक्षातील बंडखोरांवर झोड उठविली.

गोमंतकीय आणि नागरिक हक्कांचा भाग

आयर्लंडच्या सीमेच्या कोलाहलात कराराचा दुसरा भाग, म्हणजे नागरिकांचे हक्क, चर्चेच्या कडेला राहिला. ब्रिटनमध्ये राहणारे सुमारे तीस लाख युरोपीय नागरिक आणि महासंघाच्या अन्य देशांत राहणारे सुमारे दहा लाख ब्रिटिश नागरिक यांचे भवितव्य त्यावर ठरणार होते. त्यांच्यापैकी अनेकांना २०१६ च्या सार्वमतात मतदानाचा हक्कच नव्हता.

या युरोपीय नागरिकांत गोव्याचे लोकही होते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीखालील गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्यानुसार लिस्बन येथे जन्मनोंद करून नागरिकत्व मिळविता येते. या मार्गाने पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या अनेक गोमंतकीयांनी पोर्तुगालऐवजी ब्रिटन गाठले. स्विंडन हे शहर आणि लंडनमधील साऊथॉल व वेंब्ली ही त्यांच्या वस्तीची प्रमुख ठिकाणे. कायद्याच्या भाषेत ते युरोपीय नागरिक. शेजाऱ्यांच्या नजरेत भारतीय. स्विंडनने २०१६ मध्ये ५४.७ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला होता.

करार झाला तर संक्रमणकाळाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत, ब्रिटनमध्ये येऊन राहणाऱ्याला कायम वास्तव्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कराराच्या आधाराने मिळणार होता. करार झाला नाही तर हीच हमी केवळ ब्रिटिश सरकारच्या एकतर्फी आश्वासनावर उभी राहणार होती. त्यामुळे लंडनमधील दोन्ही जमाव ज्या निकालावर जल्लोष करीत होते, तो निकाल या कुटुंबांसाठी चिंतेचा होता. वास्तव्याच्या अर्जासाठी ठेवलेले ६५ पौंडांचे शुल्क २१ जानेवारी २०१९ रोजी मे यांनी रद्द केले. पहिल्या पराभवानंतर त्यांनी दिलेल्या मोजक्या सवलतींपैकी ही एक होय.

तीन मतदाने

पहिल्या मतदानात हुजूर पक्षाच्या ११८ सदस्यांनी सरकारविरुद्ध मत दिले. त्यानंतर २९ जानेवारीला बॅकस्टॉपऐवजी पर्यायी व्यवस्था आणावी, असा ठराव ३१७ विरुद्ध ३०१ मतांनी संमत झाला. ही पर्यायी व्यवस्था कोणती, हे ठरावात सांगितलेले नव्हते. मार्चमध्ये स्ट्रासबर्गहून मे काही पूरक आश्वासने घेऊन परतल्या. परंतु एकतर्फी बाहेर पडण्याचा मार्ग नसल्याचा कायदेशीर धोका कायम असल्याचे कॉक्स यांनी १२ मार्चला लिहून दिले आणि त्याच दिवशी करार ३९१ विरुद्ध २४२ मतांनी पुन्हा पडला. तोच प्रस्ताव तिसऱ्यांदा मांडण्यास सभापती जॉन बर्को यांनी १६०४ पासूनच्या संसदीय संकेताचा आधार घेऊन हरकत घेतली. म्हणून २९ मार्चला त्यासोबतची राजकीय घोषणा वगळून केवळ माघार करार मतास टाकण्यात आला. तोही ३४४ विरुद्ध २८६ मतांनी फेटाळला गेला. या वेळी बोरिस जॉन्सन व रीस-मॉग यांनी अनिच्छेने बाजूने मत दिले. २८ कट्टर सदस्य मात्र अखेरपर्यंत विरोधात राहिले. त्यांना वृत्तपत्रांनी 'स्पार्टन' म्हटले. भारतीय वंशाच्या प्रीती पटेल व सुएला ब्रेव्हरमन त्यांपैकी होत्या.

दरम्यान सभागृहाने कामकाजाची सूत्रे स्वतःकडे घेऊन २७ मार्चला आठ पर्यायांवर मतदान केले. आठही पडले. १ एप्रिलला सीमाशुल्क संघाचा पर्याय केवळ तीन मतांनी, २७३ विरुद्ध २७६, हुकला. महासंघात राहू इच्छिणाऱ्यांपैकी अनेकांनी तेव्हा सर्वोत्तमाच्या आशेने मधला मार्ग सोडून दिला. पुढील घटना पाहता ती त्यांची मोठी राजकीय चूक ठरली, असे म्हणावे लागते.

या संदर्भात १८४६ चे स्मरण होते. सर रॉबर्ट पील यांनी धान्य कायदे रद्द करताना विरोधी पक्षाच्या मतांचा आधार घेतला, पक्ष फुटू दिला आणि सत्ता गमावली. कायदे मात्र रद्द झाले. मे यांनी पक्षाची एकजूट राखण्याला अग्रक्रम दिला आणि मजूर पक्षाशी बोलणी सुरू केली ती एप्रिल २०१९ मध्ये, तिन्ही मतदाने हरल्यानंतर. १७ मे रोजी ती बोलणी फिसकटली. २३ मे रोजी ब्रिटनला युरोपीय संसदेची निवडणूक घ्यावी लागली. तीत निगेल फराज यांच्या नव्या ब्रेक्झिट पक्षाने २९ जागा जिंकल्या व सत्ताधारी हुजूर पक्षाला अवघ्या चार मिळाल्या. दुसऱ्याच दिवशी मे यांनी राजीनाम्याची घोषणा केली.

जॉन्सन यांचा करार

नोव्हेंबर २०१८ मध्ये बेलफास्ट येथे डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात जॉन्सन यांनी आयरिश समुद्रात सीमा कोणतेही हुजूर सरकार मान्य करू शकणार नाही, असे सांगितले होते. पंतप्रधान झाल्यावर १० ऑक्टोबर २०१९ रोजी लिव्हरपूलजवळ त्यांची वराडकर यांच्याशी भेट झाली आणि आठवडाभरात, १७ ऑक्टोबरला, नवा करार जाहीर झाला. त्यात संपूर्ण ब्रिटनसाठीची तरतूद गेली आणि तिच्या जागी उत्तर आयर्लंडपुरती वेगळी व्यवस्था आली. मे यांनी जी फेब्रुवारी २०१८ मध्ये अशक्य ठरविली होती, तिच्याच जवळ जाणारी ही तडजोड होती. फरक एवढाच की तेथील विधानसभेला ठरावीक काळाने संमती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार मिळाला. कराराचा उर्वरित मजकूर, देणी, नागरिकांचे हक्क आणि संक्रमणकाळ धरून, जवळजवळ तसाच राहिला. तिन्ही वेळा विरोधात मत देणाऱ्यांनीही या करारावर शिक्का उमटविला. त्याची किंमत युनियनिस्टांनी मोजली.

१२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ४३.६ टक्के मतांच्या बळावर हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. दुसऱ्या सार्वमताला अनुकूल असलेल्या पक्षांची मते एकत्रित केल्यास अधिक भरत होती, पण ती विखुरलेली होती. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन महासंघातून बाहेर पडले.

समुद्रातील सीमेचा वाद मात्र तेथे मिटला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने निषेध म्हणून उत्तर आयर्लंडच्या सत्तावाटपाच्या सरकारातून अंग काढून घेतले व दोन वर्षे ते सरकार ठप्प राहिले. फेब्रुवारी २०२३ मधील विंडसर आराखड्याने मालाच्या तपासणीचे नियम सौम्य केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार पुन्हा सुरू झाले. १० डिसेंबर २०२४ रोजी बेलफास्टच्या विधानसभेत या व्यवस्थेवर प्रथमच संमतीचे मतदान झाले. ती ४८ विरुद्ध ३६ मतांनी पुढे चालू ठेवण्यात आली. युनियनिस्टांनी विरोधात मतदान केले.